बीजेतले एमबीबीएसचे पहिले वर्ष: कागदपत्रांपासून विद्यापीठ परीक्षेपर्यंत कामांचा क्रम

पुण्याच्या बैरामजी जीजीभॉय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या बीजेत, दरवर्षी सुमारे २५० विद्यार्थी एमबीबीएसला प्रवेश घेतात. नीटमध्ये उत्तम गुण मिळवून आलेल्या या मुलांपैकी काहींचे पहिलेच वर्ष अडखळते, आणि त्याचे कारण बुद्धीची किंवा कष्टांची उणीव हे क्वचितच असते. बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो. विच्छेदन आटोपल्यावर वाचन सुरू होते, सत्र संपत आल्यावर जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची नोंदवही, लिहायला घेतले जाते आणि कमी उपस्थितीची यादी फलकावर लागल्यावर उपस्थितीची आठवण येते. पुढील टप्पे हा क्रम सावरण्यासाठी लिहिले आहेत. उदाहरणे बीजेची असली, तरी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कोणत्याही महाविद्यालयात ती बहुतांशी लागू पडतील.

टप्पा १: प्रवेशाला जाण्यापूर्वी कागदपत्रांची सिद्धता

राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून जागा मिळाली असो किंवा अखिल भारतीय १५ टक्के कोट्यातून, महाविद्यालयात हजर होण्याची मुदत फार थोडी असते आणि त्या मुदतीत नवे प्रमाणपत्र काढून आणणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे गुणवत्ता यादीची वाट न पाहता नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, विहित नमुन्यातील वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र एकत्र करून ठेवावे. बारावीनंतर एखादे वर्ष तयारीत गेले असेल, तर खंड प्रमाणपत्राचा नमुना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

सर्वाधिक महागात पडणारी चूक साधी आहे. मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा केली जातात आणि नंतर शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज किंवा वसतिगृहाच्या अर्जासाठी त्याच कागदांची गरज पडते. जमा करण्यापूर्वी प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात, साक्षांकित प्रतींचे निदान तीन संच करावेत आणि जमा केलेल्या मूळ कागदांची पोच लेखी घ्यावी.

राज्य कोट्यातील विद्यार्थ्यांनी स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरताना घाई करू नये. तो भरून दिला की मिळालेली जागा कायम राहते आणि पुढच्या फेऱ्यांत बदलाची संधी उरत नाही. मित्राने भरला म्हणून आपणही भरायचा, असे दरवर्षी घडते.

सामाजिक दायित्व सेवेचे बंधपत्रही याच वेळी करावे लागते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या विद्यार्थ्याने आंतरवासितेनंतर (इंटर्नशिपनंतर) एक वर्ष शासकीय सेवा करणे किंवा १० लाख रुपये भरणे, असा त्याचा आशय आहे. घरातील ज्या व्यक्तीची जामीनदार म्हणून सही होणार आहे, तिने तो मजकूर सहीपूर्वी पूर्ण वाचावा. मुद्रांक किती रुपयांचा लागतो, हे सूचनेत पाहिल्यावरच तो खरेदी करावा.

*सावधान:* नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासा. जुने प्रमाणपत्र खरे असले, तरी मुदत संपली की ते निरुपयोगी ठरते.

टप्पा २: पहिले पंधरा दिवस

या काळात फाउंडेशन कोर्स, म्हणजे नवागतांसाठीचा ओळखवर्ग, चालतो आणि अभ्यास अजून सुरूच झालेला नाही, असे वाटत राहते. तसे मानू नये, कारण वर्षभराचा पाया घालणारी छोटी-छोटी कामे याच दिवसांत उरकता येतात.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी द्यावा. खोली मिळेपर्यंत बाहेर राहावे लागलेच, तर महाविद्यालयापासून चालत येता येईल अशा अंतरावर राहावे. परिसर पुणे स्टेशनच्या जवळ असल्याने रेल्वे आणि बस दोन्ही सोयीच्या आहेत, म्हणून पुष्कळ पालक लांबचे स्वस्त घर पसंत करतात. मात्र सकाळच्या व्याख्यानांपासून दुपारच्या प्रात्यक्षिकांपर्यंत उभे राहिलेल्या मुलाला रोजचा लांबचा प्रवास काही आठवड्यांतच थकवतो आणि पहिला बळी सकाळच्या व्याख्यानाचा जातो.

महाडीबीटी पोर्टलवरील अर्ज पुढे ढकलू नयेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांसाठी उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि महाविद्यालयाच्या शुल्काची पावती लागते. आधार आणि खाते यांची जोडणी झालेली नसल्याने मंजूर झालेली रक्कम अडकून पडते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. बँकेत जाऊन ही जोडणी अर्जापूर्वी पक्की करावी.

हिपॅटायटिस बी लशीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घ्यायच्या असतात. पहिली मात्रा पहिल्याच महिन्यात घेतली, तर वर्ष संपण्यापूर्वी लसीकरण पूर्ण होते. पूर्वी लस घेतली असल्यास तिची नोंद शोधून ठेवावी.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक अशा दोघांनी भरायचे असते. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. हा क्रमांक विद्यार्थ्याच्या आणि पालकांच्या, दोघांच्याही फोनमध्ये असावा. वरिष्ठांशी ओळख आवश्यक असते, त्यांच्याकडून पुष्कळ शिकायलाही मिळते; मात्र ओळख करून घेण्याच्या नावाखाली रात्री उशिरा बोलावणे, ठरावीक कपडे घालायला लावणे किंवा जर्नल लिहून घेणे ही परंपरा नव्हे. ते मुकाट्याने सोसणे विद्यार्थ्याच्या हिताचे नाही.

*तपासणी:* पंधरवडा संपताना वसतिगृह, शिष्यवृत्ती, लस आणि ओळखपत्र या चारही गोष्टींची पोच किंवा नोंद हाती असली पाहिजे.

टप्पा ३: साहित्य, आणि काय विकत घेऊ नये

पूर्ण बाह्यांचे दोन पांढरे ॲप्रन घ्यावेत आणि एक केवळ डिसेक्शन हॉलसाठी राखून ठेवावा. फॉर्मेलिनचा वास लागलेला ॲप्रन घालून बीजेशी संलग्न ससून रुग्णालयाच्या वॉर्डात जाणे रुग्णांच्या दृष्टीने अनुचित आहे. हॉलचा ॲप्रन स्वतंत्र धुवावा. विच्छेदनाच्या संचात स्काल्पेलचे हँडल व ब्लेड, दातेरी आणि बिनदाती चिमटा, कात्री आणि प्रोब एवढे पुरे असते.

हाडांचा संच घेण्यापूर्वी शरीररचनाशास्त्र विभागात अभ्यासासाठी हाडे मिळतात का, हे विचारावे; त्यानंतर वरिष्ठांकडे चौकशी करावी. प्लास्टिकच्या प्रतिकृती स्वस्त असतात, मात्र स्नायूंच्या जोडणीच्या बारीक कडा आणि छिद्रे त्यांवर नीट उमटत नाहीत, आणि वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेमके तेच विचारले जाते. हाडे हाताळताना ती एका माणसाची आहेत याचे भान असावे. ती खोलीत इतस्ततः टाकू नयेत आणि त्यांच्यासोबत छायाचित्रे काढू नयेत.

पुस्तकांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र या तिन्हींपैकी प्रत्येक विषयाचे एकच मुख्य पुस्तक पहिल्या महिन्यात ठरवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. तीन लेखकांची पुस्तके अर्धी-अर्धी वाचलेल्या विद्यार्थ्याला प्रश्न ओळखीचा वाटतो आणि उत्तर मात्र लिहिता येत नाही. संदर्भासाठी ग्रंथालय आहेच.

टप्पा ४: डिसेक्शन हॉलमधील क्रम

या टप्प्यावर अधिक थांबणे आवश्यक आहे, कारण पहिल्या वर्षातील सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. एका टेबलाभोवती अनेक विद्यार्थी असतात, दोघे-तिघे हाताने काम करतात आणि बाकीचे पाहत उभे राहतात. महिन्याभरात पाहणाऱ्यांचे लक्ष उडते, मग ते कोपऱ्यात गप्पा मारतात आणि तो भाग पुन्हा कधीच डोळ्यांसमोर येत नाही.

१. *आदल्या रात्री:* दुसऱ्या दिवशीच्या भागाचे अर्धा तास वाचन करावे. तपशील पाठ करण्याची आवश्यकता नाही. कोणते हाड, कोणते स्नायू, मुख्य धमनी आणि मुख्य चेतातंतू कोणते, एवढेच कागदावर लिहून सोबत न्यावे. संबंधित हाड हातात घेऊन त्याची बाजू ओळखावी. उदाहरणार्थ, दंडाच्या हाडाचे गोल डोके वर, आतल्या बाजूला आणि थोडे मागे वळलेले असते, त्यावरून ते उजवे की डावे हे ठरते. विच्छेदनाची सुरुवात बहुधा वरच्या अवयवापासून होत असल्याने पहिल्या आठवड्यात हे हाड हाताशी असावे.

२. *हॉलमध्ये येताना:* काहीतरी खाऊन यावे. उपाशीपोटी फॉर्मेलिनच्या वासात उभे राहिल्याने भोवळ येते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून येऊ नये, केस बांधावेत, हातमोजे आणि मास्क वापरावेत. अस्वस्थ वाटल्यास बाहेर जाऊन बसावे. पहिल्या काही दिवसांत तसे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

३. *कापण्याचा क्रम:* आधी त्वचेचा छेद आणि तिचा पदर उलटणे, मग त्वचेखालच्या चरबीतून त्वचेचे चेतातंतू शोधणे, मग खोल आवरण, त्यानंतर स्नायू आणि शेवटी रक्तवाहिन्या व चेतातंतू मोकळे करणे. घाईत पहिलाच छेद खोल गेला, की त्वचेचे चेतातंतू चरबीसकट निघून जातात आणि ते परत मिळत नाहीत. ब्लेडचा वापर त्वचेपुरता ठेवावा. त्यापुढे चिमटा, प्रोब आणि बोट यांनी ऊती वेगळ्या कराव्यात.

४. *काखेचे उदाहरण:* पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा मोठा स्नायू उलटताना त्याच्या मागच्या पृष्ठभागावर येणारे चेतातंतू आणि वाहिन्या सांभाळाव्यात. त्याखालचा पेक्टोरॅलिस मायनर बरगड्यांपासून सोडवून खांद्याच्या हाडाच्या कोरॅकॉइड प्रोसेस या टोकाला जोडलेलाच ठेवावा, कारण काखेतल्या ॲक्झिलरी धमनीचे तीन भाग याच स्नायूवरून ठरतात. त्यानंतर धमनीच्या तिसऱ्या भागाभोवती मस्क्युलोक्यूटेनियस, मीडियन आणि अल्नर चेतातंतूंनी तयार होणारा इंग्रजी 'एम'चा आकार शोधावा. तो सापडला की ब्रेकियल प्लेक्ससचे, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याचे, उरलेले भाग मागे-मागे जात ओळखता येतात. हा आकार न शोधता चेतातंतूंची नावे सांगू लागणारा विद्यार्थी हमखास चुकतो.

५. *शेवटची पंधरा मिनिटे:* टेबलावरील प्रत्येकाने एक रचना बोटाने दाखवून तिचे नाव, ती कुठून येते आणि कुठे जाते, हे मोठ्याने सांगावे. हा नियम टेबलावरील मुलांनी आपसात पहिल्या दिवशीच ठरवावा, म्हणजे पाहत राहणारा कोणीही उरत नाही.

६. *त्याच संध्याकाळी:* पुस्तकातील तो भाग पूर्ण वाचावा आणि एक आकृती काढावी. हे काम रविवारवर टाकले, की शरीराचा एक भाग संपल्यावर होणाऱ्या पार्ट कम्प्लिशन टेस्टच्या आदल्या रात्री संपूर्ण हात एकदम वाचावा लागतो.

*सावधान:* मृतदेहाचे छायाचित्र कोणत्याही कारणाने काढू नये. काढलेल्या ऊती ठरवून दिलेल्या पात्रातच ठेवाव्यात. देहदान करणाऱ्याने आणि त्याच्या कुटुंबाने ठेवलेल्या विश्वासाचे पालन विद्यार्थ्याच्या हाताने व्हायचे असते.

*तपासणी:* टेस्टपूर्वी पुस्तक बंद करून, टेबलाशी उभे राहून, त्या भागातील किमान वीस रचना दाखवता आल्या पाहिजेत.

टप्पा ५: प्रयोगशाळा आणि जर्नल

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत कृतीचा क्रम हाच अर्धा गुण असतो. रक्तदाब मोजताना प्रथम नाडीवर बोट ठेवून दाब पाहावा आणि मगच स्टेथोस्कोप लावावा. स्टेथोस्कोपनेच सुरुवात केली, तर मधल्या आवाजरहित टप्प्यामुळे वरचा दाब कमी मोजला जाण्याचा धोका राहतो. परीक्षकही पहिला प्रश्न बहुधा यावरच विचारतात.

रक्तपेशी मोजताना पांढऱ्या मण्याची पिपेट श्वेतपेशींसाठी आणि लाल मण्याची लोहितपेशींसाठी असते. रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत घेऊन द्रव पहिल्या पिपेटमध्ये ११ पर्यंत, तर दुसऱ्या पिपेटमध्ये १०१ पर्यंत भरला, की विरलीकरण अनुक्रमे २० पट आणि २०० पट होते. पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा शिरला किंवा पेशी मोजण्याच्या काचेचा न्यूबाउअर चेंबर ओसंडून भरला, तर मोजणी पुढे न रेटता पहिल्यापासून करावी. रक्ताच्या पटलावर लीशमन रंग टाकल्यावर तो एक-दोन मिनिटे तसाच ठेवून मग दुप्पट बफर पाणी घालायचे असते. सुरुवातीलाच पाणी घातले, तर पटल काचेवर पक्के बसत नाही. तेलाचा थेंब केवळ १०० पटीच्या भिंगासाठी असतो. तेल लावल्यावर ४० पटीचे भिंग फिरवून आणल्याने ते खराब होते आणि पुढच्या तुकडीला काहीच दिसत नाही.

*सावधान:* बोटाला टोचण्याची लॅन्सेट प्रत्येकाची स्वतंत्र हवी आणि वापरलेली लॅन्सेट ठरवून दिलेल्या डब्यातच जायला हवी. मित्राची लॅन्सेट पुसून वापरणे धोक्याचे आहे.

जीवरसायनशास्त्रात बेनेडिक्ट चाचणीसारख्या साध्या प्रयोगातही प्रमाण चुकते. ५ मिलिलिटर द्रावणात लघवीचे केवळ ८ थेंब घालायचे असतात. अंदाजाने ओतलेली लघवी अधिक झाली, की रंगावरून काढलेला निष्कर्ष भरवशाचा राहत नाही.

जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्यावी. सत्राअखेरीस सगळ्या विद्यार्थ्यांची जर्नले एकदम शिक्षकांसमोर येतात आणि तेव्हा कोणाची नोंद खरी, कोणाची उतरवलेली, हे त्यांच्या लगेच लक्षात येते. लॉगबुकाचेही तसेच. सन २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात ठरावीक कौशल्यांवर शिक्षकांची तारखेसह सही लागते आणि ती मागाहून मिळवणे फार अवघड जाते.

टप्पा ६: उपस्थिती आणि अंतर्गत गुण

व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. ही दोन्ही गणिते विषयवार आणि स्वतंत्र असतात. एकूण उपस्थिती ८५ टक्के असूनही एका विषयाच्या प्रात्यक्षिकांत ७८ टक्के भरलेला विद्यार्थी अपात्र ठरू शकतो, हे अनेकांना फार उशिरा कळते. पन्नास प्रात्यक्षिके झाली, तर दहाच चुकवता येतात. आजारपणासाठी त्यांतली निम्मी तरी राखून ठेवावीत. गणपती आणि दिवाळीला दोन दिवस आधी गावी जाण्याच्या सवयीत ही शिल्लक सर्वाधिक खर्च होते.

अंतर्गत मूल्यमापनात लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून ५० टक्के, तसेच दोन्हींत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण असल्याशिवाय विद्यापीठ परीक्षेला बसता येत नाही. त्यामुळे प्रत्येक चाचणीचे गुण स्वतःच्या वहीत उतरवावेत आणि प्रिलिमपूर्वी, म्हणजे विद्यापीठ परीक्षेआधीच्या महाविद्यालयीन परीक्षेपूर्वी, विभागातील नोंदीशी ताडून पाहावेत.

पुण्यात पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडकांसाठी महाविद्यालयांत महिनोन्महिने तालमी चालतात आणि बीजेतल्या मुलांनाही त्यांची ओढ असते. नाटक जरूर करावे. मनासारख्या कामाने आणि तिथल्या सोबतीने अभ्यासही सुसह्य होतो. मात्र तालमीचे वेळापत्रक हाती आल्यावर त्या महिन्याची प्रात्यक्षिके आधी खूण करून घ्यावीत आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी भूमिका पहिल्या वर्षी स्वीकारू नये, असे मी सुचवतो.

टप्पा ७: भाषा आणि वायवा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विषय समजतो, लेखी उत्तरही येते आणि वायवात मात्र तो गप्प होतो. यावर पाठांतर हा उपाय नाही. रोज एका रचनेवर किंवा एका क्रियेवर पाच इंग्रजी वाक्ये मोठ्याने बोलावीत: व्याख्या, स्थान, भाग, कार्य आणि एक रुग्णालयीन महत्त्व. खोलीतल्या सोबत्याने मधेच थांबवून प्रश्न विचारावा. तीन महिन्यांत जीभ सुटते. वायवात प्रश्न समजला नाही, तर तो पुन्हा विचारण्याची विनंती नम्रपणे करावी. अंदाजाने दिलेले उत्तर परीक्षकाला पुढच्या अवघड प्रश्नाकडे घेऊन जाते.

परराज्यातून आलेल्यांची अडचण उलट असते. ससूनमध्ये येणारे बहुसंख्य रुग्ण मराठीत बोलतात आणि पहिल्या वर्षातच रुग्णांशी व अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्याने दत्तक घेतलेल्या कुटुंबांशी संवाद साधावा लागतो. 'कुठे दुखतंय, कधीपासून, आणखी काय त्रास होतोय' एवढी वाक्ये तरी वर्गमित्राकडून शिकून घ्यावीत. वडीलधाऱ्या रुग्णांना 'अहो आजी', 'काका' असे म्हणावे आणि 'तुम्ही' हेच संबोधन वापरावे.

टप्पा ८: प्रिलिम ते विद्यापीठ परीक्षा

प्रत्येक विषयाच्या १०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. कोणता भाग कोणत्या पेपरात येतो, हे विभागाकडून लिहून घ्यावे आणि उजळणी त्याच विभागणीने करावी. शेवटच्या सहा आठवड्यांत नवे पुस्तक उघडू नये. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण दीर्घोत्तरी प्रश्नात रमल्यामुळे शेवटचे लघुत्तरी प्रश्न कोरे राहणे ही गुण घालवणारी नेहमीची चूक आहे. शरीररचनाशास्त्राच्या उत्तरात नावे दिलेली आकृती आधी काढावी आणि तिच्या आधाराने मजकूर लिहावा.

स्पॉटर्ससाठी, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखण्याच्या प्रश्नांसाठी, ऊतींच्या स्लाइड आठवड्यातून दोनदा पाहाव्यात. छापील चित्रे पाहून तयारी करणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाखालची फिकट रंगाची स्लाइड ओळखता येत नाही. प्रथम कमी वर्धनावर संपूर्ण रचना, मग अधिक वर्धनावर पेशी, आणि ओळखीची किमान दोन कारणे, या क्रमाने उत्तर लिहावे.

*तपासणी:* परीक्षेच्या आठवडाभर आधी प्रवेशपत्र, सही झालेली तिन्ही जर्नले, लॉगबुक, स्वच्छ ॲप्रन आणि ओळखपत्र एका पिशवीत असावे.

टप्पा ९: एखादा विषय राहिला तर

पुरवणी परीक्षा थोड्याच आठवड्यांत होते, आणि ती उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आपल्याच तुकडीबरोबर पुढे जातो. म्हणून ज्या विषयाचा पेपर अवघड गेला असेल, त्याचे वाचन निकालाची वाट न पाहता चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू करावे. गुण अनपेक्षितपणे कमी वाटल्यास फेरगुणमोजणीचा अर्ज मुदतीत करावा; त्याच्या भरवशावर अभ्यास मात्र थांबवू नये. पहिल्या वर्षासाठी एकूण चारच संधी मिळतात आणि पहिले वर्ष पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्या वर्षात जाता येत नाही.

घरी हे त्याच दिवशी सांगावे, आणि पालकांनी त्या दिवशी हिशेब मागू नये. विभागातील मेंटॉर शिक्षकांना भेटून उत्तरपत्रिकेत काय कमी पडले, हे विचारावे. झोप उडाली, जेवण सुटले किंवा कोणाशीही बोलावेसे वाटेना, तर वसतिगृहातील मित्राने त्या विद्यार्थ्याला एकटे न सोडता मेंटॉरकडे किंवा ससूनच्या मानसोपचार विभागात स्वतः सोबत न्यावे.